दावं, हजेरी आणि कुलूप



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून दाराशीच दोघं-तिघं हसली. 'मोटारसायकल चोरीपासून कशी राखावी' हा विषय तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाकडे कसा काय आला? एकानं तर विचारलं, "सर, कुलपाचं दुकान काढलंय का?" दुकान काढलेलं नाही. पण या प्रश्नानं मला चाळीस वर्षं सोडलेलं नाही. का सोडलेलं नाही ते मध्यावर सांगेन. आधी थोडा इतिहास बघू, कारण वस्तू कशी राखायची या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो : राखायची कुणी? आणि गेली तर जबाबदार कोण? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या भागात दोनशे वर्षांत तीनदा बदललंय.

सुरुवात जनावरापासून करू. मोटारसायकल येण्याआधी दारापुढं काय उभं असायचं? बैल, म्हैस, एखाद्याचं घोडं. म्हणजे स्वतःच्या पायानं चालून जाऊ शकणारी मालमत्ता. दागिना चोरायचा तर तो उचलून लपवावा लागतो. बैल चोरायचा तर त्याला फक्त चालतं करायचं. मोटारसायकल या बाबतीत दागिन्यापेक्षा बैलाच्या जवळची. चोरीचा माल हाच चोराचं वाहन होतो.

ही गोष्ट कायदा लिहिणाऱ्यांनाही कळली होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३७८ मध्ये चोरीची व्याख्या आहे, आणि तिच्याखाली उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक असं : खजिन्याची पेटी पाठीवर असलेला बैल एका माणसाला दिसतो. तो माणूस पेटी घेण्याच्या अप्रामाणिक हेतूनं बैलाला एका दिशेला हाकतो. चोरी केव्हा पूर्ण झाली? पेटी उघडली तेव्हा नाही, घरी नेली तेव्हाही नाही. बैलानं पहिलं पाऊल टाकलं त्या क्षणी. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, चोरीचं कलम ३०३ झालं, पण तो बैल नव्या कायद्यातही तसाच चालतो आहे.

या व्याख्येत आणखी एक गोष्ट बघा. मालकानं कुलूप लावलं होतं का, हे ती विचारतच नाही. वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातली होती का, त्याची संमती होती का, नेणाऱ्याचा हेतू काय होता आणि वस्तू हलली का, एवढंच विचारते. किल्ली गाडीला राहिली म्हणून चोरी कमी चोरी होत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

तर जनावर राखायची आपली जुनी साधनं कोणती? पहिलं दावं. गोठ्यात दावण, दावणीला खुंटा. घोड्याला अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढच्या बाजूला आणि मागच्या पायांना दोर. पायाला पायबंद. आपण आज भाषणात म्हणतो, "भ्रष्टाचाराला पायबंद घाला," तो हा घोड्याचा पायबंद. उनाड गुराच्या गळ्यात लोढणं, म्हणजे लाकडाचा ओंडका. चालायला लागलं की पायात येतो. आज तुम्ही चाकाच्या डिस्कला जे छोटं कुलूप लावता, ते लोढण्याचंच नातवंड. गाडी हलवायला लागलं की चाक अडतं. यात नवीन काही नाही, धातू बदलला.

दुसरं साधन खूण. अल्लाउद्दीन खिलजीच्या काळात लष्करी घोड्यांना डाग द्यायची आणि स्वारांचा हुलिया लिहून ठेवायची पद्धत होती. सोळाव्या शतकात अकबरानं ती पुन्हा कडक केली. घोड्याला डाग, स्वाराचा 'चेहरा' म्हणजे वर्णनाची नोंद. कारण काय? स्वार मोजणीला चांगला घोडा दाखवायचा, पगार घ्यायचा आणि मोहिमेवर तट्टू आणायचा. म्हणजे ही खूण चोरापेक्षा आपल्याच माणसाच्या लबाडीवर होती. आज गाडीच्या सांगाड्यावर चासी नंबर कोरलेला असतो, इंजिनावर वेगळा नंबर असतो. हा डाग आणि हुलियाच. चोर पहिल्यांदा काय करतो? नंबरप्लेट बदलतो, मग नंबर घासतो. घोडा बदलणाऱ्याचीच ही रीत.

शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. सभासद बखरीत पंचवीस बारगिरांमागं एक पखालजी आणि एक नालबंद, अशी व्यवस्था सांगितली आहे. म्हणजे पागेतला घोडा एकटा नसायचा. त्याच्याभोवती पाणी देणारा होता, नाल ठोकणारा होता, मोजणारा होता. शिलेदाराचं तसं नव्हतं. घोडा गेला की त्याची चाकरीच धोक्यात. आज आपण सगळे शिलेदार आहोत. गाडी स्वतःची, हप्ता स्वतःचा, राखणही स्वतःची.

पण गावात तसं नव्हतं. आता तिसऱ्या साधनाकडं येतो. ते म्हणजे माणूस.

पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. गावच्या राखणदाराच्या कामाचं त्याचं वर्णन आजही वाचण्यासारखं आहे. आपल्याकडं वेशीवर वेसकर असे, ते काम बहुधा महाराकडं. रात्रीच्या पहाऱ्याला जागल्या, ते काम बऱ्याच ठिकाणी रामोशाकडं. चोरी झाली की राखणदारानं माग काढायचा. धुळीतली पावलं, खुरांचे ठसे. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत गेला आणि त्या गावच्या राखणदाराची खात्री पटली, की पहिल्याचं काम संपलं. आता माग पुढं न्यायचा तो दुसऱ्यानं. असं करत करत माग ज्या गावात संपेल, ते गाव चोरीला उत्तरदायी. एक तर माल हजर करा, नाही तर भरपाई द्या.

जरा कल्पना करा. शिराळ्यातून बैलजोडी गेली. माग निघाला, मोरणा ओलांडली, पुढच्या शिवेवर गेला. आता पुढच्या गावातल्या प्रत्येकाला त्या बैलाची काळजी. कारण माग गावात थांबला तर भुर्दंड सगळ्यांवर. चोर नुसता मालकाचा शत्रू राहात नाही, वाटेतल्या प्रत्येक गावाचा होतो. चोराला आसरा देणं महाग पडतं.

ही व्यवस्था सोन्याची होती असं मी म्हणत नाही. राखणदाराला जातीनं बांधलेलं होतं. त्याला बलुतं मिळे, मान मिळत नसे. भरपाईचा बोजा कधी ज्याच्याकडं काहीच नाही अशा राखणदारावरच यायचा. आणि राखणारा स्वतःच चोर असेल हा संशय तेव्हाही होताच. पण एक तत्त्व त्यात होतं : चोरी हे गावाचं अपयश मानलं जाई. "तुझी वस्तू, तू सांभाळ" असं म्हणून गाव मोकळं होत नसे.

मग पहिला बदल झाला. कंपनी सरकारच्या काळात राखणीचे पिढीजात हक्क ढिले पडत गेले. पुरंदरच्या परिसरात रामोशांचे गडाच्या राखणीचे हक्क गेले, आणि त्यातून जो असंतोष उठला त्याचं नाव उमाजी नाईक. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना पुण्यात फाशी दिलं. ज्याच्या घराण्यानं गड राखला, त्याला सरकारी कागदांत दरोडेखोर म्हटलं गेलं. १८६७ मध्ये मुंबई इलाख्याचा ग्रामपोलीस कायदा आला. गावचा पोलीस पाटील सरकारी साखळीचा भाग झाला. गावाची जबाबदारी हळूहळू ठाण्याकडं सरकली. त्यात काही चांगलंही होतं. ठाण्यात नोंद होते, पुरावा लागतो, निरपराध गावाला भुर्दंड बसत नाही.

पण १८७१ साली दोन कायदे झाले, आणि ते शेजारी ठेवून बघावेत असं मला नेहमी वाटतं. एक, गुरांच्या अतिक्रमणाचा. मोकाट गुरू पिकात शिरलं की कोंडवाड्यात घालायचं, दंड भरून सोडवायचं. दुसरा, गुन्हेगार जमाती कायदा. त्यानुसार काही जमाती जन्मानंच गुन्हेगार म्हणून नोंदवता येऊ लागल्या. नोंद झालेल्यांनी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. १९११ च्या सुधारित कायद्यानं ही सत्ता मुंबई इलाख्यातही आली. सोलापूरला तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या, ज्याला आजही जुनी माणसं 'सेटलमेंट' म्हणतात. गुराला कोंडवाडा होता, तसा माणसाला झाला. फरक इतकाच की गुराला निदान पिकात तोंड घालावं लागे. माणसाला जन्माला येणं पुरे होतं.

हा दुसरा टप्पा. पूर्वी चोरीचा माग पावलांनी निघायचा, आता तो जातीनं निघू लागला. आणि गंमत बघा, अर्थात ही रडवणारी गंमत आहे, राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आज रामोशी आहेत. राखणदारच यादीत गेला. त्याच यादीत वडारही आहेत. आपल्या शिराळ्याची परंपरा सांगते की १६८९ मध्ये संभाजी महाराजांना कैद करून नेत असताना त्यांना सोडवायचा प्रयत्न इथं झाला, आणि त्यात जी नावं घेतली जातात त्यांत एक हरबा वडार. ज्या गावानं ही आठवण जपली, त्या गावात तरी 'वडार' या शब्दाबरोबर पहिला विचार कुठला यावा?

या भागानं दुसरी वाटही पाहिली आहे. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं सातारा जिल्ह्यात गावोगावी न्यायदान मंडळं चालवली. तेव्हा शिराळा साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. प्रतिसरकारनं दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, त्यांना आसरा देणाऱ्यांनाही सोडलं नाही. शिक्षा कठोर होत्या, आणि त्या सगळ्या बरोबरच होत्या असं कुणी म्हणू नये. पण चोरी ही गावाची गोष्ट आहे, हा जुना धागा त्यांनी पुन्हा हातात घेतला होता.

गुन्हेगार जमाती कायदा मुंबई राज्यात १९४९ मध्ये गेला, देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ ला. तो दिवस 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. कायदा गेला. डोक्यातली यादी गेली का?

इथं मी माझी गोष्ट सांगतो.

साल १९८६. मी नोकरीच्या गावी होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट माझ्याबद्दल आहे. तेव्हा गाडी घेणं म्हणजे काय होतं, हे तरुण मंडळींना सांगायला हवं. परवाना-राज्याचा काळ. स्कूटरसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. गल्लीत एक-दोन गाड्या. मी पतसंस्थेचं कर्ज काढून एक जुनी मोटारसायकल घेतली. तिची किल्ली इतकी साधी की शेजाऱ्याच्या गाडीलाही चालायची. मी ती बहुधा गाडीलाच ठेवायचो. ओसरीपुढं गाडी, गाडीला किल्ली.

एका सकाळी गाडी नव्हती.

बायको म्हणाली, "अहो, किल्ली?" मी काहीच बोललो नाही. गल्ली जमली. ठाण्यात गेलो. जमादार लिहून घेत होते. गाडीचा रंग, नंबर, किंमत. मग त्यांनी विचारलं, "सर, संशय कुणावर?" मी थांबलो. माझ्याबरोबर आलेले शेजारी पटकन म्हणाले, "माळावर पालं पडलीत की. आठ दिवस झाले." जमादारांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. फिर्यादीत लिहिलं गेलं : माळावरील पालवाल्यांवर संशय. खाली माझी सही. त्या वर्षी मी वर्गात कांट शिकवत होतो. माणसाला साधन समजू नये, असं रोज सांगत होतो.

पालांतली दोन माणसं ठाण्यात नेली. तीन दिवस. चौथ्या दिवशी पालं उठली. कुठं गेली कुणाला माहीत नाही, कुणी विचारलंही नाही. सतराव्या दिवशी गाडी सापडली. दोन गावं पलीकडं, उसाच्या कडेला, पेट्रोल संपलेली. नेणारा आमच्याच गल्लीतला होता, कॉलेजात शिकणारा. मित्राबरोबर जत्रेला गेला होता, मग परत आणायची भीती वाटली. त्याचे वडील रात्री घरी आले, हात जोडले. "पोरगं आहे सर, शिक्षण चाललंय." मी माफ केलं. सगळ्यांनी मला मोठ्या मनाचा म्हटलं.

त्या दोन माणसांची नावं मला ठाऊक नाहीत. त्या गाडीचा नंबर अजून पाठ आहे.

मंडळी, मला माझ्या निष्काळजीपणाची लाज वाटत नाही, किल्ली विसरणं हा गुन्हा नाही. मघाशी म्हटलं तसं कायदाही तो गुन्हा मानत नाही. लाज वेगळ्या गोष्टीची आहे. कुलूप न लावल्याची ओशाळवाणी भावना मी दुसऱ्याच्या डोक्यावर उतरवली. घरची चूक बाहेरच्या माणसाकडं पाठवून दिली. तीन टप्प्यांचा इतिहास त्या एका सहीत आहे : गावाची राखण नव्हती, माझं कुलूप नव्हतं, उरली ती यादी.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथं पाच जणांना जमावानं ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. अफवा मुलं चोरणाऱ्या टोळीची होती. गोरक्षनाथांचं स्थान असलेल्या आपल्या गावात नाथपंथी झोळीला आपण हात जोडतो. तीच झोळी अनोळखी गावात दिसली की संशय. गाडीची चोरी आणि मुलांची अफवा यांत अंतर मोठं आहे, पण "बाहेरचा आहे ना, मग तोच" ही पहिली पायरी एकच आहे.

आता तिसरा टप्पा, आजचा. १९८५ नंतर कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी तंत्राच्या गाड्या आल्या, हप्ते आले, आणि गाडी घरोघर झाली. गल्लीत एक गाडी होती तेव्हा ती सगळ्यांना ओळखू यायची. आता एकाच रंगाच्या वीस उभ्या असतात. मागही संपला. डांबरावर पावलं उमटत नाहीत. शिराळ्यातून रात्री निघालेली गाडी पेठ नाक्यावर महामार्गाला लागली की उजाडेपर्यंत पुण्याकडं किंवा कर्नाटकात. कोकरूडवरून मलकापूर धरलं तर आंबा घाटानं कोकण. वाटेतल्या एकाही गावाला तिची जबाबदारी नाही.

म्हणून राखण उरली मालकावर. तर ती नीट करू या. जुन्या तीन साधनांच्याच क्रमानं सांगतो.

पहिलं, दावं. हँडल लॉक रोज लावा, पाच मिनिटांसाठी असलं तरी. ते एकटं पुरत नाही, जोराच्या हिसक्यानं तुटू शकतं. म्हणून डिस्क लॉक किंवा जाड साखळी. साखळी नुसती चाकातून ओवू नका. सांगाड्यातून घ्या आणि जमिनीत पक्क्या असलेल्या खांबाला किंवा कडीला बांधा. खुंट्याशिवाय दावं म्हणजे काय? दोघांनी मिळून गाडी उचलून टेंपोत टाकली तर तुमचं कुलूपही तिच्याबरोबर जातं. डिस्क लॉक लावलंय हे विसरून गाडी सुरू केली तर आपणच पडतो, तेव्हा हँडलला आठवणीची दोरी बांधा. आणि किल्ली. दूध आणायला, देवाला नमस्कार करायला, शेताच्या बांधावर, किल्ली खिशात.

दुसरं, खूण. चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदावर लिहून घरी ठेवा, फोटो काढून ठेवा. मूळ कागद गाडीच्या डिकीत ठेवू नका. चोराला गाडीबरोबर कागद देणं म्हणजे बैलाबरोबर दाखला देणं. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट येते, आणि आपल्या राज्यात जुन्या गाड्यांनाही ती लावायची आहे. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, लेझरनं कोरलेला वेगळा क्रमांक असतो आणि ती एकदा बसवली की न तोडता काढता येत नाही. 'एमएच १०' सांगलीचं आणि 'एमएच ११' साताऱ्याचं, एवढंच वाचायचे दिवस गेले. प्लेट हा गाडीचा हुलिया आहे. आणि जुनी गाडी विकत घेताना परिवहन खात्याच्या नोंदीशी नंबर ताडून पाहा, सांगाड्यावरचा नंबर स्वतः वाचा. घासलेला दिसला तर कितीही स्वस्त असली तरी हात लावू नका. चोरीचा माल असल्याचं ठाऊक असून, किंवा तसं मानायला कारण असून घेणाऱ्यालाही शिक्षा आहे. घेणारा नसेल तर चोर काय गाडी खाणार आहे?

विम्याचं एक सांगतो. कायद्यानं सक्तीचा असतो तो त्रयस्थ पक्षाचा विमा. त्यात तुमची चोरी गेलेली गाडी बसत नाही. चोरीसाठी सर्वसमावेशक विमा लागतो. दाव्याच्या वेळी कंपन्या सहसा दोन्ही किल्ल्या मागतात, म्हणून दुसरी किल्ली कपाटात आहे ना ते आज रात्री घरी जाऊन बघा. गाडी गेली तर आधी दोन दिवस स्वतः शोधत बसू नका. ११२ ला फोन करा, लगेच तक्रार द्या, मग कंपनीला आणि परिवहन कार्यालयाला कळवा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणं कुठल्याही ठाण्यात खबर देता येते. ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका ट्रॅक्टरच्या प्रकरणात सांगितलं की पोलिसांत तक्रार लगेच दिली असेल, तर विमा कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणानं खरा दावा नाकारता येणार नाही. तरी उशीर करू नका. तुमच्या नावावरच्या गाडीवरून उद्या कुणी अपघात केला तर पहिली विचारणा तुमच्याकडंच होते.

तिसरं, डोळे. गाडी उजेडात लावा, रहदारीच्या नजरेत लावा. आठवडा बाजाराला, नागपंचमीच्या गर्दीत, लग्नाच्या मांडवाबाहेर दहा घरांनी मिळून एक पोरगा बसवा आणि त्याला पैसे द्या. जागल्याला बलुतं होतं, मग याला मजुरी नको? शेजाऱ्याची गाडी कुणी ढकलत नेताना दिसलं तर हाक मारा, "कुणाची रं गाडी?" एवढ्या तीन शब्दांनी जितक्या गाड्या वाचल्या असतील तितक्या कुलपांनी वाचल्या नसतील, असं माझं मत आहे. हाक मारा, पण हात उगारू नका. नंबर लिहून घ्या, ठाण्याला कळवा.

हे तीनही जुनंच आहे. जुन्या गावाकडून घ्यायचं ते एवढं, की शेजाऱ्याची वस्तू गेली तर त्यात माझाही काही भाग आहे. आणि टाकून द्यायची ती हजेरी. गाळप हंगाम सुरू झाला की बीड-नगरकडून ऊसतोडीची माणसं येतात, रानात कोप्या पडतात. त्या आठवड्यात कुणाची गाडी गेली तर बोट कुठं वळेल, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

शेवटी एका श्रोत्यांनी चिठ्ठी दिली आहे. विचारतात, "सर, आता सीसीटीव्ही आहेत, जीपीएस आहे. मग शेजाऱ्याची गरज काय?"

लावा की. मीही लावलाय. कॅमेरा बघतो आणि खरं सांगतो. एका बाबतीत तर तो माझ्यापेक्षा चांगला आहे, तो जात विचारत नाही. १९८६ मध्ये माझ्या ओसरीवर असता तर ती दोन माणसं ठाण्यात गेली नसती. पण रात्री दोन वाजता कॅमेरा उठून बाहेर येत नाही. त्याला माणूस लागतो.

आणि एक विनंती. देव करो आणि तुमच्यावर वेळ न येवो, पण आली आणि समोरच्या माणसानं विचारलं, "संशय कुणावर?", तर जे डोळ्यांनी पाहिलं असेल ते सांगा. पाहिलं नसेल तर 'अज्ञात' लिहायला सांगा. कायद्यात त्याला जागा आहे. मग फिर्याद पूर्ण वाचा, आणि वाचल्यावरच सही करा.

मी वाचली नव्हती असं मला म्हणता येत नाही. वाचली होती.